खुंट्या दहा, भिंत एकच: तुमची बचत तुमच्या धंद्यासोबतच पडणार आहे का?



"सर, मी सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवत नाही. थोडे शेअर्समध्ये आहेत, दोन-तीन एसआयपी आहेत, एक फ्लॅट घेतलाय, एफडी आहे, घरात थोडं सोनं आहे. म्हणजे माझी जोखीम वाटली गेली ना?"

हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. विचारणारा बोटांवर मोजून पाच-सहा नावं सांगतो आणि होकाराची वाट बघतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. नावं किती आहेत ते सोडा. ही सगळी नावं एकाच कारणाने, एकाच महिन्यात खाली येऊ शकतात का, ते आधी सांगा.

भिंतीवर दहा खुंट्या ठोकल्या आणि घरातलं सगळं सामान दहा ठिकाणी वाटून टांगलं, तर बघायला छान दिसतं. पण भिंतच पडली तर? खुंट्या दहा असून काय उपयोग? आज याच भिंतीबद्दल बोलायचंय. पुस्तकात याला कोरिलेशन म्हणतात, मराठीत सहसंबंध. शब्द जड वाटतो, पण हिशेब किराणा दुकानातला आहे. शेवटपर्यंत वाचा.

आधी एक ताळेबंद बघू

समजा, भोसरीत तुमचं छोटं वर्कशॉप आहे. वाहनांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करता. दहा-बारा वर्षं घाम गाळून तुम्ही एवढं उभं केलंय:

मशीन आणि खेळतं भांडवल: ४० लाख
ग्राहकांकडे अडकलेली उधारी: १२ लाख
चाकणला भाड्याने दिलेला फ्लॅट: ३५ लाख
वाहन कंपन्यांचे शेअर्स आणि ऑटो सेक्टरचा फंड: ८ लाख
बँकेत एफडी: १० लाख
घरातलं सोनं: ५ लाख

एकूण १ कोटी १० लाख. कागदावर सहा वेगवेगळ्या गोष्टी. कोणीही म्हणेल, माणसाने डोक्याने काम केलंय.

आता भिंत शोधू. गाड्यांची विक्री मंदावली की तुमचं काम कमी होतं. तुमचे ग्राहकही त्याच धंद्यातले, म्हणून उधारी लांबते. चाकणच्या फ्लॅटमध्ये राहणारा भाडेकरू त्याच कारखान्यात कंत्राटी कामगार असतो. त्याची शिफ्ट बंद झाली की तो गावाला जातो आणि फ्लॅट रिकामा होतो. वाहन कंपन्यांचे शेअर्स तर पडतातच. राहिली एफडी. ती कुठे आहे? कॅश क्रेडिटच्या लिमिटपोटी त्याच बँकेकडे तारण. म्हणजे ज्या दिवशी तिची गरज पडेल, त्या दिवशी ती तुमच्या हातात नसेल.

१ कोटी १० लाखांपैकी १ कोटी ५ लाख एकाच भिंतीवर. मोकळं काय? ५ लाखांचं सोनं.

आणि ही भिंत हलत नाही असं समजू नका. २०१९-२० या आर्थिक वर्षात देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी घटली. अनेक कंपन्यांनी २०१९ मध्ये उत्पादनाचे दिवस कमी केले. त्या धक्क्यातून माणूस सावरतोय तोवर २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला.

"मी शेतीच्या भागातला, मला हे लागू नाही" असं म्हणू नका. नाशिक जिल्ह्यातल्या कांदापट्ट्यात तुमचं कृषी सेवा केंद्र असेल, शेतकऱ्यांना दिलेली खता-औषधांची उधारी असेल, स्वतःचे दोन एकर असतील, गावाजवळ प्लॉट असेल आणि बचत गावातल्या पतसंस्थेत असेल, तर तुमची भिंत म्हणजे कांद्याचा भाव. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठवली. अशा एका निर्णयाने तुमच्या शेताचा भाव, दुकानाची वसुली, पतसंस्थेची वसुली आणि प्लॉटचं गिऱ्हाईक, सगळं एकदमच थंडावू शकतं. पाच गोष्टी, पण धक्का एकच.

सहसंबंध म्हणजे नेमकं काय?

दोन गोष्टी एकमेकींसोबत किती चालतात, याचं माप म्हणजे सहसंबंध. हे माप उणे १ ते अधिक १ या मर्यादेत असतं. अधिक १ म्हणजे बैलजोडी, एक वळला की दुसरा वळणारच. शून्य म्हणजे एकमेकींशी देणंघेणं नाही. उणे १ म्हणजे विहिरीवरच्या रहाटाच्या दोन बादल्या, एक वर आली की दुसरी खाली जाणार.

सोपा हिशेब करू. तुमचं रसवंतीगृह आहे. कडक ऊन पडलं तर महिन्याला ५० हजार सुटतात, ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस आला तर फक्त १० हजार. थोडे पैसे साठले. आता दोन पर्याय आहेत. आणखी एक रसवंती टाकायची, किंवा चहा-भजीची गाडी. चहा-भजीचं उलटं आहे. उन्हात १५ हजार, पावसाळी हवेत ४५ हजार.

दोन रसवंत्या असतील तर उन्हात १ लाख, पावसात २० हजार. एक रसवंती आणि एक भजीची गाडी असेल तर उन्हात ६५ हजार, पावसात ५५ हजार.

दोन्हीकडची सरासरी काढून बघा. दोन्हीकडे ६० हजारच येते. म्हणजे कमाई तेवढीच. पण घरखर्च, भाडं आणि हप्ता मिळून महिन्याला ४० हजार जात असतील, तर दोन रसवंत्यांचा मालक पावसाळी महिन्यात सावकाराच्या दारात उभा राहील आणि दुसरा रात्री शांत झोपेल. दुसऱ्याने जास्त कष्ट केले नाहीत. त्याने फक्त दुसरी गोष्ट निवडताना पहिलीकडे बघितलं.

हीच गोष्ट हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५२ साली गणितात मांडली. तेव्हा त्याचं वय होतं २४. त्याचं म्हणणं असं की एखादी गुंतवणूक एकटीच बघून चांगली की वाईट हे ठरवू नका, ती तुमच्या बाकीच्या गुंतवणुकींसोबत कशी वागते ते बघा. १९९० मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

त्याच्या सूत्रातून येणारे आकडे बघा. दोन गुंतवणुकी आहेत, दोन्हींचा वार्षिक चढ-उतार २० टक्के. निम्मे-निम्मे पैसे टाकले. सहसंबंध अधिक १ असेल तर एकत्रित चढ-उतार २० टक्केच राहतो, काहीच फायदा नाही. अर्धा असेल तर सुमारे १७ टक्के. शून्य असेल तर सुमारे १४. उणे अर्धा असेल तर १०.

आता माझा आवडता आकडा. तशाच, म्हणजे २० टक्के चढ-उताराच्या, तब्बल २० गुंतवणुकी घेतल्या, पण त्यांचा आपसातला सहसंबंध ०.८ असेल, तर एकत्रित चढ-उतार सुमारे १८ टक्के राहतो. त्याऐवजी फक्त ३ घेतल्या, पण सहसंबंध ०.२ असेल, तर तो येतो १४ टक्क्यांच्याही खाली. वीस सारख्यांपेक्षा तीन वेगवेगळ्या बऱ्या. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी आजचं वाचन वसूल झालं.

म्हणूनच सात एसआयपी म्हणजे सात भिंती नव्हेत. २०१७ मध्ये सेबीने घातलेल्या नियमानुसार लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांमध्येच ठेवावे लागतात. मग चार वेगवेगळ्या कंपन्यांचे चार लार्ज कॅप फंड घेऊन हाती काय येणार? त्याच बँका, त्याच आयटी कंपन्या, तेच रिलायन्स. स्टेटमेंट चार येतील, पण पडतील ते एकाच दिवशी.

माझं मत: तुलना तुमच्या धंद्याशी करा

इथे मी बहुतेक गुंतवणूक सल्ल्यांपेक्षा वेगळं बोलणार आहे. सहसंबंध शिकवणारे लोक शेअरची तुलना शेअरशी करतात, सोन्याची शेअरशी करतात. नोकरदारासाठी ते ठीक आहे. पण तुम्ही उद्योजक आहात किंवा होऊ घातलाय. तुमची सगळ्यात मोठी गुंतवणूक डीमॅट खात्यात दिसतच नाही. ती शटरच्या आत आहे. म्हणून प्रत्येक रुपया बाहेर ठेवताना पहिला प्रश्न हाच हवा की माझा धंदा बसला, तर हा रुपया उभा राहील का?

हा प्रश्न विचारला की सगळं चित्र बदलतं. तुमची पत्नी किंवा पती नोकरी करत असेल, तर तो पगार म्हणजे घरातली दुसरी भिंत. "आता तूही दुकानातच बस" असं म्हणण्याआधी हा विचार करा. कामगाराचा पगार वाचेल, पण घराचं सगळं उत्पन्न एकाच गल्ल्यावर येईल. तसंच पाच ग्राहक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. पाचही जण एकाच मोठ्या कारखान्याला माल देत असतील, तर तुमचा खरा ग्राहक एकच आहे.

तारण: न दिसणारी दोरी

आता सर्वात महत्त्वाचं, जे कुठल्याही कोरिलेशनच्या तक्त्यात येत नाही.

एफडीचा आणि तुमच्या वर्कशॉपचा बाजारात काही संबंध नाही. पण ज्या दिवशी ती एफडी तुम्ही धंद्याच्या कर्जाला तारण दिली, त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हाताने तिला धंद्याला बांधलंत. घर गहाण ठेवलं तर घर बांधलंत. बायकोचे दागिने गोल्ड लोनला ठेवून माल भरला तर तेही बांधलेत. धंदा चालतो तोवर दोरी दिसत नाही. धंदा थांबला की एकदम ताणली जाते, आणि सगळं एकत्र खाली येतं.

तारण देऊच नका असं मी म्हणत नाही. भांडवलाशिवाय धंदा होत नाही. पण आधी दुसरा रस्ता विचारा. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी बँकांनी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश २०१० पासून आहेत. त्यापुढच्या कर्जासाठी सीजीटीएमएसई या हमी योजनेबद्दल विचारा. तिची फी द्यावी लागते, पण त्या बदल्यात घर मोकळं राहतं. मला हा सौदा बहुतेक वेळा परवडणारा वाटतो.

दुसरी दोरी कायद्याची. प्रोप्रायटरशिपमध्ये मालक आणि धंदा कायद्याने वेगळे नाहीत. धंद्याची देणी तुमच्या वैयक्तिक मालमत्तेतून वसूल होऊ शकतात. प्रायव्हेट लिमिटेड केली तरी बँक वैयक्तिक हमीवर सही घेतेच. म्हणून दोन जुन्या गोष्टी उद्योजकाने दुर्लक्षित करू नयेत. एक पीपीएफ. त्यातली रक्कम कर्जवसुलीसाठी कोर्टाच्या हुकुमानेही जप्त होत नाही. कराची थकबाकी हा मात्र वेगळा विषय. दुसरी, १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे घेतलेली आयुर्विम्याची पॉलिसी. एमडब्ल्यूपी ॲक्ट म्हणून एजंटला सांगा, पॉलिसी घेतानाच करावं लागतं. सावकारांची फसवणूक करण्यासाठी घेतलेली नसेल, तर त्या पैशावर त्यांचा हक्क पोहोचत नाही.

आणि विमा म्हणजे काय हेही आता नव्याने समजून घ्या. आगीचा विमा, मालाचा विमा, आरोग्य विमा, टर्म प्लॅन. वाईट घडतं तेव्हाच पैसे देणारी ही गोष्ट आहे. धंद्याशी इतका उलटा चालणारा दुसरा कागद तुम्हाला बाजारात सहज मिळणार नाही. "पैसे परत मिळत नाहीत" म्हणून त्याला नावं ठेवू नका.

बँकसुद्धा एक भिंत आहे

२३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने मुंबईतल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आणले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १ हजार रुपये काढायची मुभा होती. नंतर ती रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. म्हणजे बँकेनेही हीच चूक केली होती, हजारो कर्जखाती पण भिंत एकच. विचार करा, ज्या छोट्या व्यापाऱ्याचं करंट खातं, बचत खातं, एफडी आणि मुलीच्या लग्नाचे पैसे तिथेच होते, त्याचं त्या सकाळी काय झालं असेल? त्याचा स्वतःचा धंदा चांगला चालला होता तरी.

ठेवींचा विमा तेव्हा १ लाख होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाख झाला, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेत एका ठेवीदाराला. इथे दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. पहिली, तुमच्या नावाचं बचत खातं आणि तुमच्या प्रोप्रायटरी फर्मचं करंट खातं एकाच बँकेत असेल, तर दोन्ही मिळून ५ लाखच धरले जातात. दुसरी, हे संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेत अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून सगळी बचत तिथे ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

म्हणून घरखर्चाचे राखीव पैसे तुमचं कर्ज ज्या बँकेत आहे तिथे ठेवू नका. कर्ज थकलं तर तुमच्या ठेवीतून ते वळतं करून घ्यायचा हक्क बँकेकडे असतो. दुसरी बँक, दुसरं खातं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

संकटात सगळेच नातेवाईक निघतात

आता एक धोक्याची सूचना. सहसंबंध हा काही जन्मभराचा आकडा नाही. शांत काळात वेगवेगळ्या चालणाऱ्या गोष्टी घबराट पसरली की एकाच दिशेने धावतात.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता. मार्च २००९ मध्ये तो साडेआठ हजारांच्याही खाली बंद झाला. बँका, बांधकाम, धातू, वाहन, कोणतंही क्षेत्र सुटलं नाही. पुन्हा २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एकाच दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त पडला. त्या महिन्यात काही दिवस सोनंसुद्धा घसरलं, कारण जगभर प्रत्येकाला रोख हवी होती आणि जे विकलं जाईल ते लोक विकत होते. नंतर सोनं सावरलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये १० ग्रॅमला ५५ हजारांच्या पुढे गेलं. ज्याला पाच महिने थांबता आलं त्याला सोन्याने साथ दिली. ज्याला त्याच आठवड्यात पगार करायचे होते, त्याला नाही.

अमेरिकेत २०२२ मध्ये शेअर्स आणि बॉंड्स दोन्ही एकाच वर्षी पडले. बॉंड्स शेअर्सना सावरतात या भरवशावर बसलेल्यांची पंचाईत झाली. १९९८ मध्ये तर लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा प्रचंड फंड असाच कोसळला. त्याच्या भागीदारांमध्ये दोन नोबेल विजेते होते. एकमेकांशी संबंध नाही असं समजून केलेले त्यांचे सौदे रशियाने कर्ज थकवल्यावर एकदमच उलटे फिरले, आणि सौदे केले होते उधारीच्या पैशांवर. शेवटी १४ बँका आणि वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालावे लागले.

यातून छोट्या उद्योजकाने काय घ्यायचं? माझ्या मते दोन गोष्टी. सरासरी सहसंबंधापेक्षा सर्वात वाईट महिन्यातलं वागणं महत्त्वाचं. आणि कुठल्याही सूत्रापेक्षा मोकळी रोख जास्त विश्वासाची, कारण रोख कोणासोबतच पडत नाही. महागाई तिला हळूहळू कुरतडते, हे खरं. पण सहा महिन्यांत कुरतडलं जाणारं नुकसान पडत्या भावात शेअर किंवा प्लॉट विकण्यापेक्षा कितीतरी कमी असतं.

"पण सर, धंद्यात ३० टक्के सुटतात..."

आक्षेप माहीत आहे. "माझ्या धंद्यात ३० टक्के सुटतात, मग एफडीच्या ६-७ टक्क्यांत पैसे का कुजवू?" आक्षेप अगदी रास्त आहे, आणि नव्या धंद्यात पहिली दोन-तीन वर्षं बहुतेक पैसा धंद्यातच जाणार, जायलाही हवा. पण हिशेब पूर्ण करा. ते ३० टक्के धंदा चालू असतानाचे आहेत. एका मंदीत हप्ता चुकला, चांगला कारागीर सोडून गेला, मशीन निम्म्या भावात विकावं लागलं, तर मागच्या चार वर्षांचे ३० टक्के एका फटक्यात जातात. बाहेर ठेवलेल्या पैशाचं काम कमाई करणं नाही. त्या दिवशी तुम्हाला मशीन विकू न देणं, हे त्याचं काम आहे.

दुसरा आक्षेप असा की "मला माझ्याच क्षेत्रातलं कळतं, मग तिथलेच शेअर्स घेतो." कळतं हे खरं, पण ते ज्ञान तुम्ही शटरच्या आत रोज वापरताच आहात. त्याच अंदाजावर बचतही लावली, तर अंदाज चुकल्यावर दोन्हीकडून मार बसतो. वाहन उद्योगातल्याने ऑटो फंड, बिल्डरच्या ठेकेदाराने प्लॉट आणि कापड दुकानदाराने टेक्स्टाईल शेअर्स घेणं मला पटत नाही. शेअर्स घ्यायचेच तर साधा इंडेक्स फंड घ्या. त्यात तुमचं क्षेत्रही असेल, पण छोट्या हिश्शाने.

आणि उलट टोकही गाठू नका. फक्त सहसंबंध उलटा आहे म्हणून काहीही घेऊ नका. रसवंतीच्या जोडीला भजीची गाडी चालली, कारण तीही स्वतःच्या बळावर कमावत होती. जी गोष्ट स्वतः काहीच कमवत नाही आणि विम्यासारखं संरक्षणही देत नाही, ती नुसती वेगळी चालते म्हणून घेण्यात अर्थ नाही.

आज रात्रीचं काम

एक वही घ्या. मोबाईल नको, वहीच. तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात तुमच्याकडचं सगळं लिहा. धंदा, उधारी, घर, प्लॉट, एफडी, फंड, सोनं, जोडीदाराचा पगार.

दुसऱ्या रकान्यात प्रत्येकापुढे लिहा की हे कशामुळे पडेल? पाऊस, एक मोठा ग्राहक, गावातली बाजारपेठ, सरकारी निर्णय, एक बँक. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की भिंत सापडली.

तिसऱ्या रकान्यात फक्त "बांधलेलं" किंवा "मोकळं" लिहा. तारण, हमी, जामीन यात अडकलेलं सगळं बांधलेलं. मित्राच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल आणि तो तुमच्याच बाजारपेठेत धंदा करत असेल, तर तेही इथेच लिहा.

मग धंद्यातले सर्वात वाईट तीन महिने आठवा. त्या महिन्यांत बाकीच्या प्रत्येक गोष्टीचं काय झालं होतं? हा साधा प्रश्न शंभर तक्त्यांचं काम करतो.

ज्यांना कॉम्प्युटरची सवय आहे त्यांनी एक्सेलमध्ये किमान ३६ महिन्यांची विक्री एका रकान्यात आणि निर्देशांक किंवा सोन्याचा भाव दुसऱ्या रकान्यात घ्यावा आणि कोरेल हे फंक्शन लावावं. दोन सूचना. थेट आकडे घेऊ नका, बदलाची टक्केवारी घ्या. दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं वाढतच असतील, तर थेट आकडे उगाचच नातं दाखवतात. आणि तुमचा धंदा हंगामी असेल, तर दोन्ही रकान्यांत यंदाच्या महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. नाहीतर दिवाळी सगळा हिशेब बिघडवेल.

शेवटी माझा क्रम सांगतो. आधी सहा महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत, मोकळा. एकाच मोठ्या ग्राहकावर धंदा असेल तर नऊ महिन्यांचा. मग आरोग्य विमा, टर्म प्लॅन, दुकान-मालाचा विमा. मग पीपीएफ. मग इंडेक्स फंड आणि थोडं सोनं. त्यानंतर जे उरेल ते खुशाल धंद्यात टाका, जोरात टाका. मी सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार नाही, त्यामुळे किती रक्कम कुठे हे तुमचा सल्लागार आणि सीए यांच्यासोबत ठरवा. पण वही भरून मगच त्यांच्याकडे जा. तुमची भिंत कोणती आहे, हे त्यांना तुमच्या स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल.

धंदा करणारा माणूस जोखीम घेतोच, आणि त्याने घ्यायलाच हवी. फक्त ती धंद्यात घ्या. घरच्या पोळी-भाजीवर आणि मुलांच्या फीवर तीच जोखीम पुन्हा लावू नका.

वही भरून झाली की एवढंच बघा, तिसऱ्या रकान्यात "मोकळं" किती वेळा आलं?

भेटू पुढच्या भागात. धंदा वाढवा, आणि घर त्याच्यापासून दोन हात लांब ठेवा.